तालुक्याच्या केबल चॅनेलपासून सामुदायिक रेडिओपर्यंत : प्रसारकांत व्यावसायिक नीती रुजवण्यासाठी जिल्हा समितीने काय करावं

मृग तोंडावर आला की विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी केबलचं लोकल चॅनेल लावून पाहावं. कास्तकाराशी गप्पा म्हणून अर्ध्या तासाचा कार्यक्रम चालू असतो. धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी गेल्या वर्षी एकरी किती कापूस झाला ते सांगतो, कॅमेरा चार वेळा बियाण्याच्या एकाच पाकिटावर जातो आणि खालच्या पट्टीत कृषी केंद्राचा मोबाइल नंबर फिरत राहतो. ही जाहिरात आहे. पण तसं पडद्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. चॅनेलवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "यात खोटं काय? माणूस खरा, वावर खरं."

व्यावसायिक नीतीचा प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. फसवायचा इरादा नसतो, पण प्रक्षेपणाआधी प्रश्न विचारणारं कुणी नसतं. म्हणून जिल्हा पातळीवरच्या नियामकाचं पहिलं काम दंड लावण्याचं नाही. कार्यक्रम हवेत जाण्याआधी स्टुडिओतच कुणीतरी तो प्रश्न विचारेल अशी घडी बसवणं, हे ते काम. ती कशी बसवायची ते पुढे दिलं आहे. हे लिखाण जिल्हास्तरीय सनियंत्रण समितीचे सदस्य, जिल्हा माहिती कार्यालय आणि उपविभागीय अधिकारी यांना डोळ्यांपुढे ठेवून केलं आहे. चॅनेलवाल्यांनी वाचलं तरी बिघडणार नाही.

आधी अखत्यारी नीट समजून घ्या

निम्म्या तक्रारी चुकीच्या टेबलावर पडतात आणि तिथेच मरतात.

केबलवर दिसणाऱ्या सगळ्या गोष्टी केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा, १९९५ खाली येतात. कलम ५ कार्यक्रम संहितेचं, कलम ६ जाहिरात संहितेचं; प्रत्यक्ष मजकूर १९९४ च्या नियमांतल्या नियम ६ आणि ७ मध्ये आहे. जिल्हाधिकारी (जिल्हा दंडाधिकारी म्हणून), उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी. विदर्भात पोलीस आयुक्तालयं नागपूर आणि अमरावती या दोनच शहरांत आहेत, म्हणजे ग्रामीण भागात सगळा भार पहिल्या दोघांवर.

तालुक्याचं लोकल चॅनेल कागदोपत्री 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' असतं. म्हणजे एमएसओ (अनेक वाहिन्या एकत्र करून केबलवर पुरवणारा मोठा केबलचालक) स्वतःच्या कंट्रोल रूममधून स्वतःच्याच ग्राहकांना दाखवतो तो कार्यक्रम. ३० नोव्हेंबर २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा प्रत्येक चॅनेलची नोंदणी लागते (शुल्क १,००० रुपये), अशी चॅनेल एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत, पडद्यावर ते प्लॅटफॉर्म सर्व्हिस असल्याचं दिसावं लागतं आणि ९० दिवसांचं रेकॉर्डिंग जपावं लागतं. मजकुराबद्दलची तक्रार प्राधिकृत अधिकारी आणि जिल्हा किंवा राज्य समितीकडेच येते. तुमची खरी जमीन ही आहे.

मुंबई-दिल्लीच्या उपग्रह वाहिन्यांची गोष्ट वेगळी. १७ जून २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रार आधी वाहिनीकडे जाते. तिने २४ तासांत पोच द्यायची, १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियामक संस्थेकडे अपील, तिला ६० दिवस, आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे. समितीने इथे तक्रारदाराला पत्ता आणि मुदत सांगावी, फाइल स्वतःकडे ठेवून घेऊ नये. आपण ठेवून घेतली की त्याची मुदत निघून जाते.

खासगी एफएम आणि सामुदायिक रेडिओ केंद्राशी केलेल्या परवानगी करारावर चालतात आणि त्यांना आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता लागू असते. कारवाई माहिती व प्रसारण मंत्रालय करतं. जिल्ह्यातून रेकॉर्डिंगच्या वेळेसह नीट अहवाल पाठवता येतो. यूट्यूबवरचे 'न्यूज चॅनेल' मात्र केबल कायद्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. गावात तोच पोरगा तोच बूम (माइक) घेऊन दोन्हीकडे काम करतो, त्यामुळे घोळ होतो. नोटीस काढताना तो मजकूर केबलवर गेला होता का, एवढं आधी तपासा.

समिती कागदावरून उठवणं

केंद्राच्या २००८ च्या आदेशानुसार जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक सदस्य, जिल्हा माहिती अधिकारी सदस्य सचिव. सोबत महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, बालकल्याण आणि महिला कल्याणात काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, आणि शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ. यादी चांगली आहे. अडचण अशी की अशासकीय जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि बैठक एखादा दंगा झाला तरच होते.

दोन महिन्यांतून एक बैठक ठेवा, दिवस ठरलेला हवा. आढावा बैठकांच्या रांगेत ती घुसवू नका. तिथे ती शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते. चॅनेलचालकांना प्रत्येक दुसऱ्या बैठकीला बोलवा आणि त्यांच्याशी खुर्चीवर बसवून बोला. केबलवाला म्हटलं की त्याला दाराशी उभं करायची कचेऱ्यांची सवय आहे. ज्याला व्यावसायिक म्हणून वागवलं जात नाही त्याच्याकडून व्यावसायिक नीती मागताही येत नाही.

पहिल्या बैठकीआधी यादी करा: एमएसओ किती, लोकल चॅनेल किती, कोणतं नोंदणीकृत, कंट्रोल रूम कुठे, मजकुराला जबाबदार माणूस कोण. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी मालक म्हणतो ऑपरेटर जबाबदार, ऑपरेटर म्हणतो बातमीदार. एका माणसाचं नाव, मोबाइल आणि सही घ्या. रात्री नऊला तणाव असताना फोन त्यालाच जातो.

रेकॉर्डिंग : इथेच सगळं अडतं

नव्वद दिवसांचं रेकॉर्डिंग नसेल तर तक्रार म्हणजे नुसता तोंडी वाद. चालक म्हणतो हार्ड डिस्क महाग आहे. हिशेब करून दाखवा. साध्या दर्जाचं चॅनेल सेकंदाला १ मेगाबिट वेगाने साठवलं तर दिवसाला सुमारे ११ जीबी, नव्वद दिवसांचे जेमतेम एक टीबी. २ मेगाबिटने साठवलं तर दोन टीबी. रेडिओचं तर काहीच नाही: ६४ किलोबिटने दिवसाचे आठ तास साठवले तर तीन महिन्यांचे वीस-एकवीस जीबी होतात, म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये मावतील. सामुदायिक रेडिओलाही तीन महिन्यांचं रेकॉर्डिंग ठेवणं बंधनकारक आहेच.

खरा घोटाळा डिस्कचा नसतो, घड्याळाचा असतो. वीज जाते, इन्व्हर्टर बसतो, डीव्हीआरमधली (रेकॉर्डिंगच्या यंत्रातली) नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. वीज आली की यंत्र कारखान्यातल्या जुन्या तारखेपासून मोजू लागतं. मग १४ ऑगस्टच्या रात्रीचं प्रक्षेपण डिस्कवर कुठल्याशा जानेवारीत सापडतं आणि पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. बॅटरी पन्नास रुपयांच्या आसपास मिळते. रोज सकाळी केंद्र सुरू करणाऱ्याने डीव्हीआरची वेळ मोबाइलशी पडताळून वहीत लिहावी, ही सवय लावा. दुसरी चूक ओव्हरराइटची. डिस्क छोटी असली की यंत्र गुपचूप चाळीस दिवसांपूर्वीचं पुसत जातं आणि चालकाला ते माहीतही नसतं. तपासणीला गेल्यावर "रेकॉर्डिंग आहे का" असं विचारू नका. बरोबर ८५ दिवसांपूर्वीच्या संध्याकाळी सातची दहा मिनिटं मागा. सापडली तर ठीक. नाहीतर पंधरा दिवसांची मुदत देऊन पुन्हा जा.

संहिता भिंतीवर लावण्याजोगी करा

नियम ६ आणि ७ ची छापील प्रत प्रत्येक कंट्रोल रूममध्ये कपाटात असते. कुणी वाचत नाही. बोलीत, मोठ्या अक्षरांत, एका पानावर, 'हे करू नका' याऐवजी 'हे विचारा' अशा रीतीने लिहून द्या. कुणी पैसे दिलेत का? दिले असतील तर पडद्यावर 'जाहिरात' लिहिलंय का? यात मूल आहे का? आरोप ज्याच्यावर आहे त्याला फोन केला का, आणि कधी? हे दृश्य आजचं आहे की जुनं? कोणत्या जातीचं, धर्माचं नाव बातमीला गरज नसताना आलंय का? सहा प्रश्न पुरेत. सोळा केले की कागद पुन्हा कपाटात जातो.

पोलीस ठाण्यातून आलेल्या प्रेसनोटीवर भिस्त ठेवणं ही जिल्ह्यातली सगळ्यात रुळलेली चूक आहे. आरोपीचं नाव-गाव वाचून दाखवलं, कोर्टात तो सुटला, ती बातमी मात्र कधी येत नाही. सुटकेची बातमी त्याच वेळेला, तेवढीच लांब द्यायची, ही बाब समितीने चालकांकडून लेखी मान्य करून घ्यावी.

हंगामाचं वेळापत्रक

प्रशिक्षण वर्षातून एकदा सभागृहात घेऊन काही होत नाही. चूक ज्या महिन्यात होते त्याच्या दोन आठवडे आधी तासाभराची बैठक घ्या.

मे महिन्यात, खरिपाआधी: बियाणं, खत, कीटकनाशक यांच्या प्रायोजित मुलाखती. नियम ७ प्रमाणे जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू यावी लागते. खालच्या भागात चालती पट्टी टाकून कार्यक्रमात घुसणंही चालत नाही. जाहिरातीची मर्यादा तासाला १२ मिनिटं: १० व्यावसायिक, २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रचाराची. अर्ध्या तासाची मुलाखत जाहिरात ठरली की ही मर्यादा मोडलीच. मुलाखत देणाऱ्याला फुकट बियाणं किंवा मानधन मिळालं असेल तर तेही सांगावं लागेल, कारण ९ जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत शिफारस करणाऱ्याचे हितसंबंध उघड करण्याची अट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दंड १० लाखांपर्यंत, आणि उत्पादकाने किंवा शिफारस करणाऱ्याने पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत जातो. हा आकडा चालकांना आवर्जून सांगा. तोपर्यंत त्यांना वाटत असतं की जबाबदारी फक्त कंपनीची. या बैठकीला कृषी विभागाचा गुणनियंत्रण निरीक्षक हवाच. उत्पादनाचा दावा खरा की खोटा हे माहिती अधिकाऱ्याला कळणार नाही.

पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत: मिरवणुका, जुन्या दंग्यांच्या क्लिप, थेट प्रक्षेपण. इथे समितीची एकच मागणी असावी, की पडताळणी होईपर्यंत दृश्य थांबवा आणि दृश्यावर तारीख टाका.

गडचिरोलीत आणि लगतच्या भागात आणखी एक गोष्ट. सुरक्षा दलांची दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करता येत नाही, ती संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची, असं कलम २०१५ साली नियम ६ मध्ये आलं. लोकल चॅनेलवाल्यांना हे अजून माहीत नसतं.

निवडणुकीत माध्यम प्रमाणन व सनियंत्रण समिती वेगळी बसते. राजकीय जाहिरात तिच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही; नोंदणीकृत पक्ष व उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी, इतरांनी सात दिवस आधी अर्ज करायचा. चालकाला प्रमाणपत्राचा क्रमांक वहीत लिहायला लावा. पेड न्यूज ओळखायला सोपी खूण: त्याच शब्दांतली 'बातमी' दोन चॅनेलवर, फक्त निवेदक वेगळा.

आत्महत्येची बातमी

यावर जास्त वेळ द्या. विदर्भात ही बातमी रोजची झाली आहे, आणि रोजची झाल्यामुळेच तिचा साचा पडला आहे.

साच्यातल्या चुका नेहमीच्याच: पट्टीत कारण एकच, तेही पहिल्या तासात ठरवलेलं, पद्धत सविस्तर, औषधाच्या डब्याचं दृश्य, रडणाऱ्या बायकोच्या तोंडापुढे बूम, चिठ्ठी असेल तर ती वाचून दाखवलेली. यातली प्रत्येक गोष्ट आत्महत्येच्या वार्तांकनाच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाविरुद्ध आहे. पद्धत आणि साधन दाखवल्याने त्याच अवस्थेतल्या दुसऱ्या माणसाला वाट दिसते, हे त्यामागचं कारण. आपल्याकडे आणखी एक व्यवहारी कारण आहे. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात एक लाख रुपयांची मदत मिळायची तर जिल्हा पातळीवर प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. चौकशीआधीच चॅनेलने "दारूच्या नशेत" म्हटलं, तर गावात तेच खरं होऊन बसतं आणि कुटुंबाला कागद गोळा करताना लोकांची तोंडं चुकवावी लागतात.

बैठकीत चालकांपुढे जुनी पट्टी ठेवा आणि त्यांच्याकडूनच नवी लिहून घ्या. साधारण अशी होते: "तालुक्यातील ४२ वर्षीय शेतकऱ्याचा मृत्यू. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद, तपास सुरू. मन खचत असेल तर बोला : टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मोफत." गावाचं नाव लागेल का यावर वाद होऊ द्या. तो झालाच पाहिजे. कर्ज, नापिकी, बोंडअळी, भाव यांवरचा कार्यक्रम बंद करायला कुणीही सांगत नाहीये. तो अवश्य करावा, भरपूर करावा, फक्त एका मृतदेहाच्या दृश्याला टांगून करू नये.

मुलं आणि अत्याचारग्रस्त स्त्रिया यांची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे: पोक्सोचं कलम २३, बालन्याय कायद्याचं कलम ७४, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. चेहरा धूसर केला की झालं, अशी समजूत सगळीकडे आहे. मेळघाटातल्या चाळीस घरांच्या ढाण्यात (वस्तीत) ओळखायला चेहरा लागत नाही. घराची निळी भिंत, शाळेचं नाव, काकाचा आवाज, एवढ्यावर पोर ओळखू येतं. चाचणी अशी ठेवा: शेजारच्या गावातल्या माणसाला ही बातमी दाखवली तर तो नाव सांगेल का?

बाबा, ताईत आणि रामबाण औषधं

रात्री दहानंतरचे स्लॉट यांनाच विकले जातात आणि लोकल चॅनेलचा वीजखर्च त्यातूनच निघतो, हे मान्य करून बोललं पाहिजे. चमत्कारी किंवा दैवी गुणांचा दावा करणारी जाहिरात नियम ७ मध्ये बसत नाही. अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा कार्यक्रम नियम ६ मध्ये बसत नाही. शिवाय १९५४ चा औषधे व जादूचे उपाय कायदा आणि राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने देवाच्या नावाने ताईतासारखी यंत्रं विकणाऱ्या दूरचित्रवाणी जाहिराती या राज्य कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. नोटिशीत नुसतं 'आक्षेपार्ह' लिहू नका. कोणतं वाक्य, कितव्या मिनिटाला, कोणत्या तरतुदीविरुद्ध, हे लिहा.

आणि पर्याय द्या. सरकारी योजनांच्या, लसीकरणाच्या, पीकविम्याच्या मुदतीच्या जाहिराती नोंदणीकृत लोकल चॅनेलला आणि सामुदायिक रेडिओला वेळेवर, पैसे देऊन मिळाल्या तर ताईतवाल्यावरचं अवलंबन कमी होतं. सामुदायिक रेडिओला २०२४ च्या सुधारित धोरणात जाहिरातीची मर्यादा तासाला ७ वरून १२ मिनिटं झाली. जिल्ह्याची बिलं आठ-आठ महिने थकवून वर नीतीचे पाठ देता येत नाहीत.

तक्रार आली की

अर्ज साधा ठेवा: चॅनेल, तारीख, वेळ, काय दिसलं किंवा ऐकलं. तारीख-वेळ नसेल तर फोन करून विचारा, अर्ज फेटाळू नका. त्याच दिवशी चालकाला "हे रेकॉर्डिंग जपून ठेवा" एवढा एक ओळीचा निरोप लेखी द्या. तीन दिवसांत प्रत मागवा. किमान दोन अशासकीय सदस्यांनी पूर्ण कार्यक्रम पाहावा, मोबाइलवर फिरणारा कापलेला तुकडा पाहून मत बनवू नये. चालकाचं म्हणणं लेखी घ्या. पंधरा दिवसांत निर्णय, कारणांसह.

चूक मान्य असेल तर दुरुस्ती हवेत जायला हवी: त्याच कार्यक्रमात, त्याच वेळी, सलग तीन दिवस, वाचून. मध्यरात्रीच्या पट्टीतली दिलगिरी मोजू नका. दहापैकी आठ प्रकरणं इथेच मिटायला हवीत.

पुढची पायरी कायद्याची. ३ ऑक्टोबर २०२३ पासून कलम १६ मधला तुरुंगवास गेला. आता सूचना, निर्भर्त्सना, इशारा किंवा पहिल्या वेळी २० हजारांपर्यंत दंड, तीन वर्षांत पुन्हा घडल्यास एक लाखापर्यंत. कलम १९ खाली प्राधिकृत अधिकारी कार्यक्रम किंवा वाहिनी थांबवू शकतो. हे हत्यार संहिता मोडल्यावर किंवा समाजात वैर पसरण्याची शक्यता असताना, सार्वजनिक हितासाठी वापरायचं आहे. आदेश लेखी, कारणांसह असावा. फोनवरून "बंद कर" म्हणणं हा आदेश नव्हे.

प्रशासनावर टीका झाली तर

रेतीघाट, रोजगार हमीची थकलेली मजुरी, बंद पडलेलं आरोग्य उपकेंद्र यावर चॅनेलने आरडाओरडा केला की दोन दिवसांत संहितेची आठवण होते. हे थांबवा. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटलं, आणि त्याच निकालात त्या सरकारच्या मक्तेदारीत असू नयेत असंही सांगितलं. समितीचा अध्यक्षच जिल्हा प्रशासनाचा प्रमुख असल्याने हितसंबंधाचा प्रश्न खरा आहे. वाट अशी काढता येते: तक्रार करणारा शासकीय अधिकारी असेल तर अशासकीय सदस्यांनी आधी, अधिकाऱ्यांच्या अनुपस्थितीत, मत लिहून द्यावं. त्या मताविरुद्ध जायचं असेल तर अध्यक्षांनी प्रकरण स्वतः न ठरवता राज्य समितीकडे पाठवावं. पत्रकाराचं ओळखपत्र, जाहिराती, दौऱ्याचे पास यांचा वापर वचपा काढायला होत असेल, तर त्या जिल्ह्यात चालक संहिता पाळतील, पण भीतीपोटी आणि फक्त अधिकाऱ्यांबद्दल.

बदलीच्या आधी

जिल्हा माहिती अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात आणि समितीची सगळी आठवण त्यांच्याबरोबर जाते. कार्यभार देताना चार वस्तू स्वतंत्र धारिकेत द्या: जबाबदार व्यक्तींच्या सह्यांची यादी, रेकॉर्डिंग तपासणीची वही, निकाली तक्रारींची कारणांसह नोंद, आणि पुढच्या मे महिन्यातल्या बैठकीची ठरलेली तारीख. डीव्हीआरच्या घड्याळाची शेवटची पडताळणी कधी झाली तेही पहिल्याच पानावर लिहा. नवीन अधिकाऱ्याकडे पहिली तक्रार येईल तेव्हा तो हेच शोधेल.